हळदीच्या कॅप्सूल आणि धावणाऱ्याचा गुडघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. वय ३६, आठवड्याला चाळीसेक किलोमीटर धावता, तीन महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या आसपास दुखतंय, जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना जास्त. सोबत धावणाऱ्या दोघांनी हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्यात आणि त्यांना बरं वाटतंय म्हणतात. तुम्हाला पाच गोष्टी हव्यात: याने खरंच फरक पडतो का, किती घ्यायची आणि मिरीवाली घ्यायची की साधी, सांध्यातलं घासलेलं कार्टिलेज, म्हणजे कूर्चा, भरून येतं का, लाँग रनच्या आधी आयब्युप्रोफेन ही पेनकिलर घेता त्याच्या जागी ही चालेल का, आणि रेसच्या दिवशी घ्यावी का.

मी स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये अठरा वर्षं काम करतेय, धावणारे, उड्या मारणारे, वजन उचलणारे सगळे येतात आणि हल्ली दर दोन-चार पेशंटमागे एकाच्या बॅगेत हळदीचा डबा असतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी सरळ उत्तर. हळदीतलं कर्क्युमिन काही लोकांचं सांधेदुखीचं दुखणं थोडंफार कमी करतं, एवढं म्हणण्याइतका पुरावा आहे. त्याने सांधा दुरुस्त होतो असा पुरावा नाही. आणि तुमचं वर्णन वाचून मला जे कारण वाटतंय, म्हणजे वाटीवर झेपेल त्यापेक्षा जास्त ताण पडणं, त्याला ही कॅप्सूल हातच लावत नाही.

आता डब्यापासून सुरू करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. मागच्याच महिन्यात एक सायकलपटू डबा घेऊन आला, पुढे मोठ्या अक्षरात लिहिलेलं ‘हळद १५०० मिग्रॅ’. मी डबा उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतली. त्यात १३५० मिग्रॅ होती नुसती हळदीच्या कंदाची पूड आणि १५० मिग्रॅ होता अर्क, ज्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याची भावंडं. साध्या हळद पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे १३५० मधून चाळीसेक मिग्रॅ मिळालं, अर्कातून १४२, एकूण झालं १८० च्या थोडंसं वर. तो बिचारा समजत होता आपण अभ्यासांमधला डोस घेतोय, दीड ग्रॅम, आणि प्रत्यक्षात त्याच्या आठव्या हिश्श्याइतकं पोटात जात होतं. तेव्हा लेबलवर ‘हळद किती’ हे बघू नका, ‘कर्क्युमिनॉइड्स किती’ हे शोधा, आणि ते एका कॅप्सूलचं आहे की दोन-तीन मिळून होणाऱ्या एका डोसचं तेही बघा. हा आकडा डब्यावर कुठेच सापडत नसेल तर तो डबा घेऊ नका, एवढं साधं आहे. स्वयंपाकातल्या हळदीचा इथे संबंध येत नाही, चिमूटभर हळदीतून मिळणारं कर्क्युमिन फारच कमी असतं, ती खाणं चांगलंच आहे पण ती डोस नव्हे.

पोटात गेलं म्हणजे सांध्यापर्यंत पोचलं असंही नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून जेमतेम शोषलं जातं, आणि जे शोषलं जातं त्याला आतड्याची भिंत आणि लिव्हर लगेच दुसऱ्या रूपात बदलून बाहेरचा रस्ता दाखवतात. मिरीचा किस्सा इथे सुरू होतो. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, आणि एकदा त्याच्यासोबत मिरीतलं पायपरिन २० मिग्रॅ दिलं, तर शरीराला मिळणारं कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढलं. हा आकडा तुम्हाला प्रत्येक दुसऱ्या डब्यावर दिसेल. पण नुसतं कर्क्युमिन दिल्यावर रक्तात ते मोजता येईल न येईल इतकंच होतं, आणि मुळात जवळपास काहीच नव्हतं त्याची वीसपट वाढ झाली, हे डब्यावर कोणी लिहीत नाही. शिवाय अभ्यास अगदी थोड्या लोकांवरचा, निरोगी लोकांवरचा, आणि त्यात दुखणं मोजलेलंच नव्हतं, रक्तातलं प्रमाण मोजलेलं होतं.

पायपरिन हे काम कसं करतं ते समजून घ्या, कारण पुढे धोक्यांकडे येताना हाच मुद्दा लागणार आहे. आतड्यात आणि लिव्हरमध्ये जी एन्झाइम्स परक्या रसायनांना निकामी करून बाहेर टाकतात त्यांनाच पायपरिन मंद करतं. म्हणजे कर्क्युमिनसाठी दार उघडलं तसं ते इतर औषधांसाठीही उघडतं, फिनायटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलिन यांच्या रक्तातल्या पातळ्या पायपरिनने वाढतात हे माणसांवर तपासलेलं आहे. तुम्ही कुठलंही रोजचं औषध घेत असाल, फिट्सचं, बीपीचं, हार्टचं, दम्याचं, तर मिरीवाली कॅप्सूल आपल्या मनाने सुरू करायची नाही. मिरीशिवायचे प्रकारही आहेत, लेसिथिन या स्निग्ध पदार्थासोबत बांधलेलं कर्क्युमिन, अतिसूक्ष्म कणांचं, हळदीच्याच तेलासोबतचं. यातल्या प्रत्येकाचं शोषण वेगळं, त्यामुळे एका प्रकारातले ५०० मिग्रॅ आणि दुसऱ्यातले ५०० मिग्रॅ ही तुलना होतच नाही. कुठलाही प्रकार घेतला तरी जेवणासोबत घ्या, थोडं स्निग्ध पोटात असलं की शोषण सुधारतं आणि पोटही कमी बिघडतं.

आता फरक पडतो का. सगळ्यात चांगले अभ्यास गुडघ्याची झीज झालेल्या, जरा उतरत्या वयाच्या लोकांवर झालेत. २०१४ साली थायलंडमध्ये ३६७ जणांना चार आठवडे, निम्म्यांना रोज १५०० मिग्रॅ हळदीचा अर्क आणि निम्म्यांना रोज १२०० मिग्रॅ आयब्युप्रोफेन, आणि दुखणं आणि चालणं-उठणं यात हळद आयब्युप्रोफेनच्या मागे पडली नाही, वर पोटदुखीच्या तक्रारीही हळदवाल्यांमध्ये कमी होत्या. हे ऐकून लोक खुश होतात आणि व्हावंच. पण त्या अभ्यासात खोटी गोळी घेणारा तिसरा गट नव्हता, आणि गुडघेदुखीत नुसत्या खोट्या गोळीनेही बऱ्याच लोकांना बऱ्यापैकी बरं वाटतं, त्यामुळे त्यातला औषधाचा भाग किती हे त्यातून कळत नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २०२० सालचा ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियातला अभ्यास, छोटाच, ७० माणसं, पण नीट केलेला. सगळ्यांचा गुडघा दुखत होता आणि स्कॅनमध्ये आत पाणी आणि सूज दिसत होती. निम्म्यांना हळदीचा अर्क, निम्म्यांना खोटी गोळी, कोणाला काय मिळतंय हे ना त्यांना माहीत ना डॉक्टरांना, बारा आठवडे, आणि शेवटी पुन्हा एमआरआय. दुखणं हळदवाल्यांमध्ये जास्त कमी झालं, मध्यम स्वरूपाचा फरक होता. आणि एमआरआयवर? आतलं पाणी-सूज तेवढंच, कार्टिलेजच्या बनावटीत काही फरक नाही. हा निकाल मी पेशंटला कागदावर गुडघा काढून समजावते कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. माणसाला बरं वाटलं, आतला सांधा होता तसाच राहिला.

प्रयोगशाळेतल्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील, कर्क्युमिन दाह पेटवणारी अमुक यंत्रणा बंद करतं, तमुक प्रथिन कमी करतं. ते काचेच्या ताटलीतल्या पेशींवर खरं आहे, पण तिथे जेवढं कर्क्युमिन ओततात तेवढं कॅप्सूल गिळून रक्तात येतच नाही. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी कर्क्युमिनचा मोठा आढावा घेतला होता, त्यांनी स्पष्ट लिहिलं की हा रेणू अस्थिर आहे आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना फसवतो, म्हणजे परिणाम नसताना परिणाम दाखवतो. म्हणून मी माणसांवरच्या अभ्यासांनाच धरून चालते.

तुमच्यासारख्या धावणाऱ्या, तिशी-पस्तिशीतल्या लोकांच्या सांध्यांवरचं काम मात्र फार थोडं आहे. खेळाडूंवर जे झालंय ते बहुतेक स्नायूंवर, म्हणजे जोरदार किंवा सवयीपेक्षा वेगळा व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय जड होऊन ठणकतात ते दुखणं. २०१५ मधल्या एका अभ्यासात १७ पुरुषांना रोज दोनदा अडीच-अडीच ग्रॅम कर्क्युमिन दिलं तेव्हा हा ठणका कमी झाला, दुसऱ्या एकात लेसिथिनवालं कर्क्युमिन देऊन उतारावर धावायला लावलं तर मांडीचं दुखणं जरा कमी भरलं. छोटे अभ्यास आहेत पण दिशा एकच दाखवतात. तुमच्या मित्रांना बरं वाटतंय त्यात याचा वाटा असू शकतो, लाँग रननंतरचा ठणका कमी झाला की माणूस म्हणतो गुडघे सुधारले. ठणका स्नायूचा, श्रेय गुडघ्याला. हे दोन वेगळे धरा.

कार्टिलेजबद्दल अजून एक, कारण ‘घासलेलं’ हा शब्द तुम्ही दोनदा वापरलाय आणि मला त्याची काळजी वाटते. कार्टिलेजमध्ये नसा नसतात, रक्तवाहिन्याही नसतात. ते स्वतः दुखत नाही. दुखतं ते सांध्याचं अस्तर, वाटीखालचं हाड, वाटीच्या खालची चरबीची गादी, टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. तुमचा एमआरआय झालेलाच नाही, कोणीतरी हात लावून ‘घासलंय’ म्हणालं आणि तुम्ही ते धरून बसलात. धावल्याने गुडघे झिजतात हेही डोक्यातून काढून टाका. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला होता, हौसेने धावणाऱ्यांमध्ये खुबा किंवा गुडघ्याची झीज साडेतीन टक्के लोकांत, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के. तुम्ही पहिल्या गटातले आहात. तुमचं धावणं गुडघ्याचं वैरी नाही, तुमच्या धावण्यातली अचानक वाढ असू शकते.

इथे मला एका मुलीची गोष्ट सांगायचीय. व्हॉलीबॉल खेळणारी, वीस वर्षांची, वाटीच्या खालच्या टेंडनचं दुखणं. तिला आम्ही आठवड्याच्या उड्या मोजून दिल्या होत्या, किती मारायच्या ते ठरवून. तिने कोणाच्या तरी सांगण्यावरून हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या, तिला दहा दिवसांत बरं वाटायला लागलं, आणि बरं वाटतंय म्हणून तिने मोजणं सोडलं. दुखणं दहापैकी पाचवरून दोनवर आलं होतं, उड्या मात्र दुपटीवर गेल्या होत्या. सहा आठवड्यांनी आली तेव्हा ती माझ्या खोलीत खुर्चीवर बसताना दोन्ही हात टेकवून बसली, त्यावरूनच मला कळलं. टेंडन जाड झालेलं, बोट लावलं तर ओरडली. त्या मोसमात ती खेळलीच नाही. कॅप्सूलने तिला इजा केली नाही, कॅप्सूलने तिला तिचं टेंडन काय सांगतंय ते ऐकू येऊ दिलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, दुखणं कमी करणारं काहीही घ्यायचं असेल, हळद असो नाहीतर पेनकिलर, तर ते घेताना ट्रेनिंग वाढवायचं नाही. आधी ठरवलेलं तेवढंच करायचं.

तुमच्या गुडघ्यासाठी मी काय केलं असतं ते सांगते, कारण खरं काम इथे आहे. मागच्या चार-पाच महिन्यांची धावण्याची नोंद काढा, घड्याळात असेलच. दुखणं सुरू होण्याच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत काय बदललं ते बघा, अंतर वाढलं का, चढ-उतार वाढले का, स्पीडचे दिवस वाढले का, शूज बदलले का. दहातल्या आठ जणांना ते कागदावर स्वतःलाच दिसतं. मग त्या वाढीच्या आधीच्या पातळीच्याही जरा खाली या, पूर्ण बंद करू नका, उतारावरचं धावणं काही आठवडे सोडा कारण उतरताना वाटीवर सगळ्यात जास्त दाब येतो, म्हणूनच तर तुमचा गुडघा जिना उतरताना दुखतो. पावलं जरा छोटी आणि जलद टाका, त्याच वेगाला मिनिटाची पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो हे मोजून सिद्ध झालेलं आहे, तुमची मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर १६८ ते १७६ मध्ये आणा, एकदम नाही, आधी दर धावण्यात पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून.

आणि ताकद. मांडीचा पुढचा स्नायू आणि खुब्याचे बाजूचे स्नायू, आठवड्यातून तीनदा. एक छोटी पायरी घ्या, साधारण वीतभर उंचीची, तिच्यावर दुखऱ्या पायाने उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच समोर जमिनीला टेकेपर्यंत हळूहळू खाली यायचं, चार मोजत. आरशासमोर करा. गुडघा आत अंगठ्याकडे वळतोय का बघा, तो दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. बहुतेक जणांचा पहिल्या दिवशी आतच वळतो आणि कंबर एका बाजूला लटकते. तीन सेट, आठ-दहा वेळा, सुरुवातीला दुखणं दहापैकी तीनपर्यंत गेलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखायला नको. हा सकाळचा नियम सगळ्यात महत्त्वाचा, धावताना काय वाटलं त्यापेक्षा दुसऱ्या सकाळी जिना उतरताना काय वाटलं त्यावर त्या दिवशीचं ट्रेनिंग ठरवा. सहा ते आठ आठवडे लागतात. कंटाळवाणं आहे, मान्य, पण वाटीच्या दुखण्याला याच्याइतकं काम करणारं माझ्याकडे दुसरं काहीही नाही.

आयब्युप्रोफेनचं मात्र आजच थांबवा, म्हणजे लाँग रनच्या आधी घ्यायचं ते. हळद घ्या न घ्या, हे थांबवाच. धावताना रक्त पायांकडे जातं, किडनीकडे कमी पोचतं, घामाने पाणी जातं, आणि त्यात ही गोळी किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवणारी यंत्रणाच बंद करते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० किलोमीटर धावणाऱ्यांना शर्यतीत दर चार तासांनी ४०० मिग्रॅ आयब्युप्रोफेन किंवा खोटी गोळी दिली, तर किडनीला तात्पुरती इजा झाल्याची लक्षणं खोट्या गोळीवाल्यांत ३४ टक्के लोकांत आणि आयब्युप्रोफेनवाल्यांत ५२ टक्के लोकांत दिसली. तुम्ही एवढं धावत नाही हे खरं, पण उन्हात अडीच तास आणि अर्धी बाटली पाणी हे कॉम्बिनेशन मी कमी बघितलेलं नाही. त्याच्या जागी हळद घ्यावी का, तर ज्या लाँग रनला गोळी घेतल्याशिवाय जमत नाही ती लाँग रन सध्या तुमच्या गुडघ्याला झेपत नाहीये, अंतर कमी करा. जागा भरायला काही लागतच नाही.

आता धोके, हे घाईत वाचू नका. ‘नैसर्गिक आहे, काय होणार’ हे वाक्य मी रोज ऐकते. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजांची नोंद ठेवणारं हॉस्पिटल्सचं एक जाळं आहे, त्यांनी २०२२ पर्यंतच्या साधारण दशकभरातल्या हळदीमुळे झालेल्या दहा केसेस मांडल्या, पाच जणांना ॲडमिट करावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. दहातल्या सात जणांमध्ये एकच विशिष्ट जनुकीय खूण सापडली, म्हणजे काही लोकांचं शरीरच याला वेगळं उत्तर देतं आणि ते कोण हे बाहेरून बघून कळत नाही. तपासलेल्या सात डब्यांपैकी तीन डब्यांमध्ये पायपरिनही सापडलं. इटलीने अशाच केसेसनंतर हळदीच्या सप्लिमेंट्सवर इशारा छापायला लावला, ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना काढली. लाखो लोक घेतात त्यात हे दुर्मिळच आहे, पण आहे.

माझ्याकडेही एक होती, पोहणारी, चाळिशीची. थकवा येतोय, ट्रेनिंग जमत नाही म्हणून आली, आम्ही आधी आयर्न बघायला निघालो. बोलता बोलता म्हणाली, ‘लघवी चहासारखी होतेय, मला वाटलं पाणी कमी पितेय.’ मी तिला खिडकीजवळ नेऊन डोळ्यांचा पांढरा भाग बघितला, हलकी पिवळी झाक. लिव्हरची एन्झाइम्स नॉर्मलच्या कितीतरी पट वर. ती एक हळदीची कॅप्सूल घेत होती आणि एक ‘जॉइंट सपोर्ट’ नावाचं मिश्रण, आणि दोन्हीत हळदीचा अर्क आणि मिरी होती हे तिला माहीतच नव्हतं. सगळं बंद केलं, काविळीची बाकीची कारणं तपासून वगळली, एन्झाइम्स खाली यायला दोन महिने गेले. ती बरी झाली. म्हणून गडद लघवी, मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं, अंगाला खाज, न जाणारा थकवा, यातलं काहीही आलं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद आणि लिव्हरची रक्ततपासणी.

रक्त पातळ करणारं औषध घेत असाल तर हळदीचा अर्क घ्यायचाच नाही, न्यूझीलंडच्या नियामकाने २०१८ मध्ये एका वॉरफरिन घेणाऱ्या पेशंटची केस जाहीर केली होती, हळदीचं प्रॉडक्ट सुरू केल्यावर काही आठवड्यांत त्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, दहाच्या वर गेला, जो दोन-तीनच्या दरम्यान हवा असतो. ऑपरेशन ठरलं असेल तर किमान दोन आठवडे आधी बंद करा आणि सर्जनला सांगा. पित्ताशयात खडे असतील तर नको, कर्क्युमिन पित्ताशय आकुंचित करतं. मुतखड्याचा त्रास असेल तर खासकरून पूडवाल्या कॅप्सूल नको, हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं. गरोदरपणात सप्लिमेंटचा डोस नको. आणि धावणाऱ्या बायकांसाठी मुद्दाम लिहिते, कर्क्युमिन आतड्यात लोहाला पकडून ठेवतं, ज्यांचं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, आधीच तळाशी आहे त्यांनी हे जोडून आणखी खाली नेऊ नये, आयर्नच्या गोळीसोबत तर कधीच घेऊ नये.

खेळाडू म्हणून शुद्धतेचा मुद्दा वेगळा. हळद पुडीला पिवळा रंग यावा म्हणून लेड क्रोमेट या शिसं असलेल्या रंगाची भेसळ सापडलेली आहे, बांगलादेशात तर लोकांच्या रक्तातल्या शिशाचा माग थेट हळदीपर्यंत लागला होता, त्यामुळे जड धातूंची तपासणी केलेलं प्रॉडक्ट असलेलं बरं. डोपिंगचं म्हणाल तर हळद किंवा कर्क्युमिन वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाही. पण सॅम्पलमध्ये जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, भेसळ दुसऱ्याने केली हे कारण पुरत नाही. तुमची टेस्ट होण्याची शक्यता असेल तर प्रत्येक बॅच तपासून खेळासाठी प्रमाणित केलेलंच घ्या, इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफचं खेळासाठीचं चिन्ह बघा, डब्यावरच्या बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा आणि दहा घटकांची मिश्रणं टाळा.

एवढं वाचूनही घेऊन बघायची असेल तर माझी हरकत नाही, वर लिहिलेल्यांपैकी काही तुम्हाला लागू नसेल तर. पण आधी तीन-चार आठवडे नुसता व्यायाम आणि कमी केलेलं धावणं करा, रोज सकाळी जिना उतरतानाचं दुखणं शून्य ते दहा असं वहीत लिहा. मग कॅप्सूल जोडा, दुसरं काहीही न बदलता, नाहीतर कशाने फरक पडला ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. कॅप्सूल सुरू करण्याआधी एकदा आणि महिन्याभराने एकदा मी पेशंटच्या लिव्हरची तपासणी करून घेते. साधा ९५ टक्केवाला अर्क असेल तर दिवसाला ५०० ते १००० मिग्रॅ, दोन भागात, जेवणासोबत, याच्या वर मी जात नाही. हेही माहीत असू द्या की खाण्याच्या रंगासाठी आयुष्यभर रोज चालेल अशी जी मर्यादा तज्ज्ञ समित्यांनी ठरवलीय ती वजनाच्या किलोमागे ३ मिग्रॅ आहे, सत्तर किलोच्या माणसाला २१०, म्हणजे आपण त्याच्या वर जातोय, म्हणूनच हे वर्षानुवर्षं चालवायचं काम नाही. आठ आठवड्यांत वहीतला आकडा दोनने तरी खाली आला नाही तर बंद. आला तर बाराव्या आठवड्याला बंद करून दोन आठवडे बघा, आकडा खालीच राहिला तर तुमच्या पायरीच्या व्यायामाने काम केलंय आणि कॅप्सूलची गरज संपली.

गुडघा फुगला, अडकला, मध्येच सटकला किंवा रात्री झोपेतून उठवायला लागला तर हे सगळं बाजूला ठेवून आधी कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा.

आणि रेसच्या दिवशी, नाही. कर्क्युमिन त्या दिवशी घेऊन त्या दिवशी उपयोगी पडणारी गोष्ट नाही, उलट रिकाम्या पोटी किंवा एनर्जी जेलवर घेतली तर मळमळ आणि जुलाब होतात, आणि तेही तिसाव्या मिनिटाला होतील की पंधराव्या किलोमीटरला ते सांगता येत नाही. आधीपासून सुरू असेल तरी त्या सकाळची चुकवा, रात्री जेवणानंतर घ्या.